अंतर्गत गुणांचा प्रश्न आणि आपली जबाबदारी

(गोंदिया जिल्ह्यातील विद्यार्थी व पालक यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपणांपुढे जो विषय मांडणार आहे, तो व्यासपीठावरचा नेहमीचा विषय नव्हे. शिक्षणाचे महत्त्व सांगणारी भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. मुलाला शाळेत घाला, मुलीला महाविद्यालयात पाठवा, हा उपदेश आपल्या समाजाला नव्याने करण्याचे आता कारण उरलेले नाही. सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या भागांतून सकाळची एस.टी. गाठून महाविद्यालयात जाणारी आपली मुले-मुली हाच त्याचा पुरावा आहे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ही मुले महाविद्यालयात गेल्यावर त्यांच्या अभ्यासाचे मोल कोण ठरवितो, कोणत्या नियमाने ठरवितो, आणि ते अन्यायाने ठरविले गेले तर दाद कोठे मागावयाची, हे त्यांच्या घरी कोणाला ठाऊक आहे काय?

ज्या घरात आजोबा वकील होते आणि वडील प्राध्यापक आहेत, त्या घरातील मुलाला हे ज्ञान जेवताना मिळते. स्वाध्याय कधी द्यावयाचा, त्याची पोच का घ्यावयाची, प्राचार्यांना अर्ज कसा लिहावयाचा, हे त्याला कोणी शिकवीत नाही. ते तो ऐकत ऐकत शिकतो. आपल्या पुष्कळ घरांत मुलगा किंवा मुलगी हीच महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिली व्यक्ती असते. तिला हे सांगणारे घरी कोणी नसते. म्हणून जे ज्ञान घरात मिळावयाचे, ते आपणांस सभेत वाटून घ्यावे लागते. यात कमीपणा काही नाही. सभेत येऊन शिकणे आणि शिकलेले दुसऱ्याला सांगणे हा आपल्या चळवळीचा जुनाच मार्ग आहे.

जुनी परीक्षा आणि नवी पद्धत

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवावयाचे महाविद्यालयांनी आणि विद्यापीठाने केवळ परीक्षा घ्यावयाची, अशी ती व्यवस्था होती. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झाले. २००५ पासून ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते. १ मे १९९९ रोजी आपला गोंदिया जिल्हा भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झाला, तरी विद्यापीठ बदलले नाही. २०११ साली गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ निघाले. भंडारा व गोंदिया नागपूरकडेच राहिले. म्हणजे गोंदियाच्या विद्यार्थ्याचा पेपर आपल्या गावी लिहिला जातो. परंतु त्याचा शेवटचा हिशेब नागपुरात होतो.

जुन्या काळी हा हिशेब सोपा होता. वर्षाच्या अखेरीस तीन तास बसावयाचे, प्रश्नांची उत्तरे लिहावयाची, आणि निकालाची वाट पाहावयाची. वर्षभर वर्गात काय केले याला गुण नव्हते. आता तसे राहिलेले नाही. वर्षाची दोन सत्रे झाली. प्रत्येक सत्राच्या गुणांचे दोन वाटे झाले. एक वाटा लेखी परीक्षेचा. दुसरा वाटा अंतर्गत मूल्यमापनाचा. विद्यापीठाप्रमाणे आणि अभ्यासक्रमाप्रमाणे हे प्रमाण बदलते: कोठे ऐंशी आणि वीस, तर कोठे साठ आणि चाळीस. आपल्या अभ्यासक्रमात ते नेमके किती आहे, हे प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाने छापलेल्या अभ्यासक्रमात पाहून घ्यावे. कोणाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये.

यात श्रेयांक नावाची एक नवी मोजणी आली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाले आणि महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाला ते २०२४-२५ पासून लागू झाले. या मोजणीत पंधरा तासांच्या व्याख्यानांचा एक श्रेयांक धरतात. प्रयोगशाळेतील कामाला एका श्रेयांकासाठी तीस तास लागतात. तीन वर्षांच्या पदवीला निदान १२० श्रेयांक मिळवावे लागतात. हे श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावावर जमा करण्यासाठी २०२१ साली एक पेढीही काढण्यात आली आहे. शेतकरी ज्याप्रमाणे धान विकल्यावर पैसे खात्यात आले की नाही हे पासबुकात पाहतो, त्याप्रमाणे प्रत्येक सत्रानंतर आपले श्रेयांक आपल्या खात्यात आले की नाही हे विद्यार्थ्याने पाहिले पाहिजे. न आलेला श्रेयांक तिसऱ्या वर्षी आठवला, तर तो शोधण्यात पदवी अडकून पडते.

क्रमांकाचे कवच

आता मी विषयाच्या गाभ्याकडे येतो. लेखी परीक्षेतील उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव नसते. क्रमांक असतो, आणि तपासणाऱ्यापासून तोही झाकलेला असतो. उत्तर लिहिणारा कोणत्या मोहल्ल्यातला, कोणत्या आडनावाचा, हे तपासणाऱ्याला ठाऊक नसते. हा क्रमांक आपल्यासाठी एक कवच आहे. अंतर्गत मूल्यमापनात हे कवच नाही. तेथे गुण देणारा प्राध्यापक विद्यार्थ्याला तोंडाने ओळखतो, आडनावाने ओळखतो, आणि कित्येकदा शिष्यवृत्तीच्या यादीवरूनही ओळखतो. न्यायी प्राध्यापकाच्या हाती ही ओळख विद्यार्थ्याच्या हिताची ठरते. मनात आकस असलेल्याच्या हाती तीच ओळख शस्त्र होते.

ही केवळ शंका नव्हे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करण्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. तिने २००७ साली अहवाल दिला. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत आपणांस भेदभाव अनुभवावा लागतो, परीक्षक या ना त्या मार्गाने जात विचारतात, असे विद्यार्थ्यांनी त्या समितीपुढे सांगितले. देशातील सर्वांत नामांकित वैद्यकीय संस्थेची ही गोष्ट आहे. मग लहान गावच्या महाविद्यालयाबद्दल सावध राहू नये असे कोण म्हणेल?

तर मग अंतर्गत मूल्यमापन रद्द करा, अशी मागणी आपण करावी काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण मी बाबासाहेबांच्याच जीवनातून देतो.

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. त्या परीक्षेत त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. तीन तासांच्या परीक्षेने त्यांच्याविषयी जगाला सांगितले ते एवढेच. पुढे ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे वर्गात निबंध लिहावयाचा, तो प्राध्यापक व सहाध्यायी यांच्यापुढे वाचावयाचा, त्यावर चर्चा ऐकावयाची, अशी पद्धत होती. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर आपला निबंध वाचला. तो मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापला गेला. आज जगभर जातीविषयी अभ्यास करणारा प्रत्येक जण तो वाचतो. विचार करा, हा निबंध मुळात काय होता? एका विद्यार्थ्याने वर्गात सादर केलेला स्वाध्याय होता. ज्या बुद्धीला २८२ गुणांत मोजले गेले, तिचे खरे माप त्या स्वाध्यायात दिसले.

यास्तव वर्षभराच्या लेखनाला गुण मिळावेत हे तत्त्व चांगले आहे. ज्याच्या घरी शिकवणीला पैसे नाहीत, ज्याला परीक्षेच्या दिवशी ताप येतो, जो सावकाश पण खोल विचार करतो, त्याला या पद्धतीत संधी आहे. १९२४ साली मुंबईच्या विद्यापीठ सुधारणा समितीला दिलेल्या लेखी साक्षीतही बाबासाहेबांनी विद्यापीठ हे केवळ परीक्षा घेणारे कार्यालय असू नये, अध्यापन आणि संशोधन हे त्याचे खरे कार्य होय, अशीच भूमिका घेतली. तेव्हा आपली मागणी पद्धत मोडण्याची नसावी. ती पद्धत नियमाने चालावी, गुण कशाचे हे आधी सांगितले जावे, तपासलेले काम विद्यार्थ्याला दाखविले जावे, आणि चूक झाली तर दाद मिळावी, एवढी आपली मागणी असावी.

सादर करणे म्हणजे काय

आता व्यवहार पाहू. अंतर्गत गुणांत साधारणपणे स्वाध्याय, वर्गातील चाचणी, चर्चासत्रातील निबंध, प्रकल्प, प्रात्यक्षिकाची वही, तोंडी परीक्षा आणि हजेरी यांचा समावेश असतो. यांतील प्रत्येक गोष्टीला तारीख असते. ती तारीख कधी सूचनाफलकावर लागते, कधी वर्गात सांगितली जाते, कधी केवळ मोबाईलवरच्या गटात येते. ज्या विद्यार्थ्याच्या गावी नेटवर्क नाही, किंवा जो रोवणी-कापणीच्या दिवसांत चार दिवस घरी राहिला, त्याला ती कळत नाही. सत्र संपता संपता त्याला सांगितले जाते की, तुझा स्वाध्याय आला नाही. तुझे गुण शून्य. आणि येथे एक गोष्ट प्रत्येक पालकाने मनावर कोरून घ्यावी: लेखी पेपरचे पुनर्मूल्यांकन होते; परंतु अंतर्गत गुणांचे, प्रात्यक्षिकाचे आणि तोंडी परीक्षेचे पुनर्मूल्यांकन सामान्यतः होत नाही. महाविद्यालयाने गुण विद्यापीठाकडे पाठविल्यानंतर ते बदलून घेणे फार कठीण असते. म्हणजे या गुणांचे रक्षण निकालानंतर होत नसते. ते सत्र चालू असतानाच करावे लागते.

म्हणून मी काही साधे नियम सांगतो. पहिला, सत्राच्या आरंभी प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकांना नम्रपणे विचारावे की, अंतर्गत गुण कशाकशाचे आणि किती. उत्तर वहीत तारखेसह लिहून ठेवावे. दुसरा, स्वाध्याय देण्यापूर्वी त्याची झेरॉक्स काढावी किंवा निदान प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. तिसरा, स्वाध्याय कोणाच्याही टेबलावर ठेवून येऊ नये. तो हातात द्यावा, सादर करणाऱ्यांच्या यादीवर सही करावी, आणि आपल्याकडील प्रतीवर पोच घ्यावी. संगणकावरून पाठविला असेल, तर पोहोचल्याचा संदेश जपून ठेवावा. चौथा, आजारपणामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे तारीख चुकणार असेल, तर ती चुकण्यापूर्वी लेखी अर्ज द्यावा आणि कार्यालयात त्यावर आवक क्रमांक घालून घ्यावा. पाचवा, अंतर्गत गुण विद्यापीठाकडे जाण्यापूर्वी सूचनाफलकावर लावावेत किंवा विद्यार्थ्यांना दाखवावेत, अशी मागणी वर्गातील सर्वांनी मिळून करावी. एकट्याने मागितले तर तो तक्रारखोर ठरतो. सर्वांनी मागितले तर ती वर्गाची रीत होते.

पोच मागणे म्हणजे प्राध्यापकांवर अविश्वास दाखविणे, असे कोणी म्हणेल. धान केंद्रावर पोती मोजून दिल्यावर आपण पावती घेतो, त्यात तेथील कारकुनाचा अपमान होतो काय? कागदाचा व्यवहार कागदानेच सुरक्षित राहतो. आपल्या पूर्वजांकडून शेतजमिनी आणि मजुरी गेली, त्यात एक कारण हेच होते की व्यवहाराचा कागद दुसऱ्याच्या हाती असे आणि आपल्या हाती केवळ विश्वास असे.

ज्यांना नियमित महाविद्यालयात जाता येत नाही, अशा आपल्या भगिनी आणि नोकरी करणारे तरुण मुक्त विद्यापीठात शिकतात. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली निघाले. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिक येथे १९८९ साली निघाले. तेथे तर स्वाध्याय हाच शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यामधील पूल आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत स्वाध्यायाला तीस टक्के आणि सत्रान्त परीक्षेला सत्तर टक्के वजन असते. परीक्षा दिली पण स्वाध्याय दिला नाही, तर तो विषय पूर्ण होत नाही. लग्नानंतर पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या कितीतरी भगिनी परीक्षेचा अभ्यास करतात, आणि स्वाध्याय राहून गेल्यामुळे त्यांची पदवी वर्षानुवर्षे अपुरी राहते. घरातील पुरुषांनी येथे मदत केली पाहिजे. अभ्यास केंद्रावर स्वाध्याय नेऊन देणे आणि पोच आणणे, एवढे काम तर कोणताही पती, कोणताही भाऊ करू शकतो.

लेखी पेपर आणि दाद

लेखी पेपरच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूला अधिक स्पष्टपणे उभा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न विद्यापीठाने करावयाचा आहे, आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांपलीकडे तो जाऊ नये असे बंधन आहे. हे बंधन मोडले की काय होते, ते २०१७ साली मुंबईत दिसले. सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय तेथे पुरेशा तयारीशिवाय घेण्यात आला. निकाल महिनोन् महिने रखडले, अनेकांची पुढील प्रवेशाची संधी गेली, आणि अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. आपल्या नागपूर विद्यापीठातही १९९९ साली पुनर्मूल्यांकनात गुण वाढविण्याचे मोठे प्रकरण उघडकीस आले होते. पैसेवाल्याचे गुण वाढतात तेव्हा कोणा गरिबाची गुणवत्ता यादीतील जागा जाते, हे निराळे सांगावयास नको.

आपला पेपर कसा तपासला गेला, हे पाहण्याचा विद्यार्थ्याला अधिकार आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाविरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात निर्णय दिला की, तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली माहितीच होय, आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा हक्क आहे. परीक्षकाचे नाव मात्र गुप्त ठेवता येते. २००५ च्या त्या कायद्याखालील अर्जाला आपल्या राज्यात दहा रुपये शुल्क लागते आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर मिळावे लागते. पण उत्तरपत्रिका ठराविक मुदतीपर्यंतच जपून ठेवल्या जातात, म्हणून विलंब करू नये. प्रथम विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे छायांकित प्रत मागावी. ती हाती आल्यावर जाणत्या शिक्षकाला दाखवावी. बेरीज चुकली आहे काय, एखादे उत्तर तपासावयाचे राहिले आहे काय, हे पाहावे. आणि मगच मुदतीत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा. रागाच्या भरात पैसे भरू नयेत आणि निराशेच्या भरात गप्पही बसू नये.

याशिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रारींच्या निवारणाचे नियम केले आहेत. प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असली पाहिजे. तिच्यात निदान एक स्त्री आणि निदान एक व्यक्ती अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती किंवा इतर मागासवर्गांतील असली पाहिजे. मूल्यमापनात अपारदर्शक किंवा अन्याय्य रीत वापरली गेली, निकालास विलंब झाला, किंवा जातीमुळे भेदभाव झाला, तर त्याची तक्रार या समितीकडे करता येते. समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा आहे. त्याने समाधान झाले नाही, तर पंधरा दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केवळ गुण कमी वाटतात एवढ्यावरून पेपर पुन्हा तपासून द्या, असे लोकपालाला सांगता येत नाही. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभावाचा विशिष्ट प्रसंग दाखवावा लागतो. म्हणूनच तारीख, पोच, साक्षीदार आणि कागद यांची मी इतकी आठवण करून देत आहे. ज्याच्याजवळ कागद आहे त्याची तक्रार ऐकली जाते. ज्याच्याजवळ केवळ संताप आहे त्याचे सांत्वन होते, न्याय होत नाही.

आपल्याही मुलांना दोन शब्द

हक्कांविषयी इतके बोलल्यावर कर्तव्याविषयी न बोलणे हे अर्धे बोलणे होईल. आज स्वाध्याय कसा लिहिला जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार स्वाध्याय मिळतो; मागच्या वर्षीच्या मुलाचा प्रकल्प वरचे पान बदलून पुन्हा दिला जातो; आणि आता तर प्रश्न विचारताच चार पाने लिहून देणारे यंत्र प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आले आहे. सर्वच असे करतात, मग आम्ही का करू नये, असे आपली मुले विचारतात. मी त्यांना उलट प्रश्न विचारतो. ज्यांच्या घरी चार पिढ्यांची विद्या आहे, त्यांनी एक स्वाध्याय उतरवून दिला तर त्यांचे किती बुडते? आणि तुमचे किती बुडते? तुमच्या आजोबांना जे लिहू दिले गेले नाही, ते लिहिण्याची संधी तुमच्या हाती आली आहे. ती झेरॉक्सवाल्याला विकणार काय? ज्याने दुसऱ्याचे लिखाण दिले, तो अन्याय झाला तर तक्रारही करू शकत नाही; कारण प्राध्यापकाने एकच प्रश्न विचारला की त्याची मान खाली जाते.

शिवाय ही सवय पुढे महागात पडते. प्रबंधांतील वाङ्मयचौर्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. त्यांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. चाळीस टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास प्रबंध सुधारून द्यावा लागतो. साठ टक्क्यांपर्यंत असल्यास एक वर्ष प्रबंध देता येत नाही. आणि त्याहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होते. पदवीच्या पहिल्या वर्षी उतरवून देण्याची लागलेली सवय पीएच.डी.च्या दारात सुटत नाही.

कोणी म्हणेल, आमची भाषा झाडीची, आमच्या घरात पुस्तके नाहीत, आम्ही काय लिहिणार? मी म्हणतो, तुमच्याइतका विषयांचा साठा कोणाजवळ आहे? या जिल्ह्यात माजी मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो. तुमच्या गावच्या तलावाचे पाणी कोणाच्या बांधीत आधी जाते आणि कोणाच्या नंतर, हा अर्थशास्त्राचा प्रकल्प आहे. तेंदूपत्ता तोडणाऱ्या स्त्रीला शेकड्यामागे काय मिळते, हा वाणिज्याचा विषय आहे. राईस मिलमधील हमालांच्या मजुरीचा हिशेब, गावच्या विहिरीचा इतिहास, आजीला आठवणारी १९५६ सालच्या धर्मांतराची हकीकत, हे सर्व अभ्यासाचे विषय आहेत. हे झेरॉक्सच्या दुकानात मिळत नाहीत आणि कोणत्याही यंत्राला ठाऊक नाहीत. ते तुमच्या आईला ठाऊक आहेत. तिला विचारा, लिहून घ्या, आकडे पडताळा, आणि साध्या शुद्ध मराठीत मांडा. असा प्रकल्प नाकारणे कोणत्याही परीक्षकाला जड जाईल.

आणि नाकारला तर? तर पुन्हा लिहा. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये लंडन विद्यापीठाला सादर केला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी आक्षेप घेतले आणि तो पुन्हा लिहून देण्यास सांगितले. जवळचे पैसे संपत आले होते. ते एप्रिलमध्ये मुंबईस परतले. त्यांनी मांडणी बदलली. निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. मुंबईहून प्रबंध पुन्हा पाठविला. तो स्वीकारला गेला, आणि १९२३ सालीच त्यांना डी.एससी. पदवी मिळाली. त्यांचे मार्गदर्शक प्रा. कॅनन यांना त्या प्रबंधातील पुष्कळ मते मान्य नव्हती. तरी ग्रंथ छापला गेला तेव्हा त्याला प्रस्तावना त्यांनीच लिहिली. मूल्यमापनाचा खरा अर्थ हाच आहे. गुण मताला द्यावयाचे नसतात. पुराव्याला आणि मांडणीला द्यावयाचे असतात. आपल्या प्राध्यापकांपाशी आपले मागणे याहून अधिक नाही.

सादर करण्याच्या नियमांचा जाचही बाबासाहेबांना चुकला नाही. कोलंबिया विद्यापीठाने त्यांचा प्रबंध १९१६ सालीच मान्य केला होता. पण तो छापून त्याच्या प्रती दिल्याखेरीज पीएच.डी. द्यावयाची नाही, असा तेथे नियम होता. छपाईला पैसा नव्हता. अखेर १९२५ साली ग्रंथ लंडनमध्ये छापला गेला, प्रती विद्यापीठात गेल्या, आणि १९२७ साली पदवी मिळाली. मान्य झालेल्या प्रबंधाच्या पदवीसाठी अकरा वर्षे थांबावे लागले! त्यांनी नियमाला शिव्या दिल्या नाहीत, आणि पदवीवरचा हक्कही सोडला नाही.

पालकांनो, तुम्हांला वाचता येत नसेल, तरी विचारता येते. मुलगा घरी आला म्हणजे त्याला “पास झालास काय?” एवढेच विचारू नका. “स्वाध्याय दिलास काय? पोच दाखव. तपासून परत मिळाला काय? त्यावर सरांनी काय लिहिले ते वाचून दाखव,” असे विचारा. ज्या आईने हे चार प्रश्न दर पंधरवड्याला विचारले, तिच्या मुलाचे अंतर्गत गुण बुडणे कठीण आहे. प्रत्येक विहारात एक जुनी पेटी ठेवा. पास झालेल्या मुलांच्या तपासलेल्या वह्या आणि विद्यापीठाचे अभ्यासक्रम त्यांत जमा करा. पुढच्या मुलांना चांगला स्वाध्याय कसा असतो ते पाहू द्या, उतरवू देऊ नका. गावातील जो कोणी पदवीधर असेल, त्याने महिन्यातून एक रविवार या मुलांना द्यावा. चार पिढ्यांची विद्या आपल्या घरांत नसेल. पण चार घरांची विद्या एका विहारात जमविणे आपल्या हाती आहे. ते काम येत्या सत्राच्या पहिल्या दिवसापासून सुरू करा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय भीम.